शालोमभाऊंची तिसरी वेळ

पावसाळा सरत आला की शालोमभाऊ सगळ्या डेपोची माफी मागत सुटायचे. सगळ्या म्हणजे अगदी सगळ्या. गाडीवानांची, आचाऱ्याची, पाणी भरणाऱ्या बाईची, आणि ओंडक्यांच्या थप्पीखाली झोपणाऱ्या कुत्रीचीसुद्धा. "वर्षभरात माझ्याकडून मन दुखावलं असेल तर पुसून टाका," असं म्हणत, काळी टोपी नीट करून समोर उभे राहायचे. कुत्री शेपूट हलवायची. "हिचं झालं," म्हणत ते पुढच्याकडे वळायचे.

आमचा डेपो पोंभुर्ण्याकडच्या जंगलात, एका लाकूड ठेकेदाराचा. जिल्ह्याला तेव्हा चांदा म्हणत. जंगलातून सागवानाचे ओंडके यायचे, त्यांच्या थप्प्या लागायच्या, ट्रक भरून जायचे. शालोमभाऊ तिथले मुन्शी आणि मी त्यांच्या हाताखालचा कारकून. भाऊ कुलाब्याकडचे बेने इस्राएल, म्हणजे यहुदी. आमच्या त्या अख्ख्या मुलखात त्यांच्या धर्माचं दुसरं माणूस नव्हतं. मुसलमान म्हणावं तर नमाज नाही, किरिस्ताव म्हणावं तर क्रूस नाही. मजुरांनी डोकं खाजवून शेवटी त्यांना 'शनवारवाले मुन्शी' करून टाकलं, कारण शनिवारी हा माणूस आगपेटीची काडीदेखील उचलत नसे.

ही माफीची धावपळ दारफाळणीच्या सणासाठी. त्या दिवशी दार लावून, पांढरे कपडे घालून, पाण्याचा थेंबही न घेता देवापुढे बसायचं. पण भाऊ सांगत, देव फक्त त्याच्याशी झालेल्या चुका माफ करतो. माणसाला दुखावलं असेल तर तिथं देवाचंही काही चालत नाही. त्या माणसाकडेच जावं लागतं. "आधी माणूस, मग देव," हे त्यांचं पालुपद. तो नाही म्हणाला तर पुन्हा जायचं, असं तीनदा. तिसऱ्यांदाही नाहीच म्हणाला तर आपण सुटलो, पाप त्याच्या डोक्यावर.

हे कळल्यावर आम्हांला काय, खेळच मिळाला. आमचा आचारी मुद्दाम दोनदा तोंड फिरवायचा. तिसऱ्यांदा भाऊ रडकुंडीला येऊन उभे राहिले की ताटात जास्तीचं वरण ओतून त्यांना माफ करायचा.

दुसरं खूळ थप्पीचं. ट्रक आला की मजुरांच्या आधी हा पन्नाशीचा गोलमटोल माणूस विजार वर खोचून थप्पीवर चढायचा. एकेका ओंडक्यावर उभा राहून नाचून बघायचा. खाली मजूर पोट धरून हसत, ठेकेदार आईमाई उद्धरायचा, पण मन भरल्याशिवाय भाऊ कोणाला वर चढू देत नसत. तोवर ड्रायव्हरची बोलणी मी खायचो. डोक्याला नुसता ताप होता तो.

मग आचाऱ्यानंच एकदा मला सगळं सांगितलं. मी येण्याआधी सोमा मडावी नावाचा पोरगा डेपोवर होता. पावसात भिजलेल्या थप्पीवर चढायला तो तयार नव्हता. "मुन्शीजी, थप्पी हालून राह्यली," असं तो म्हणत होता. ट्रक खोळंबला होता. भाऊंनी त्याला चार लोकांत कामचोर म्हटलं. सोमा चढला आणि ओंडके त्याच्यासकट खाली आले. ठेकेदारानं चूक सोमाचीच ठरवली, आणि भाऊ गप्प राहिले.

मला हे कळलं त्या वर्षी सणाच्या आदल्या दिवशी भाऊ एकटेच निघाले, तसा मीही त्यांच्यामागे गेलो. त्यांनी नको म्हटलं नाही. नाला ओलांडून आम्ही सोमाच्या गावाशी पोचलो. भाऊ शिवेवरच्या मोहाखाली बसले, ते उठेचनात. समोरच सोमाच्या आईचं घर होतं.

ते दोनदा त्या घरी जाऊन आले होते. पहिल्यांदा म्हातारी म्हणाली होती, "माह्या पोराले आण, मंग बोल." दुसऱ्या वर्षी तिनं मान वर न करता नाई म्हटलं. तेव्हापासून दरवर्षी ते इथवर येत, दिवस कलेपर्यंत बसत आणि परत जात.

मला काही समजेना. मी म्हटलं, चला ना भाऊ, मी येतो सोबत. हो म्हणाली तरी सुटलात, नाही म्हणाली तरी सुटलात.

"म्हणूनच नाही जात," भाऊ म्हणाले. "तिसऱ्यांदा नाही म्हणाली तर पाप तिच्या डोक्यावर जाईल, वामनराव. तिचा पोरगा मी घेतला. आता हेही तिलाच देऊ?"

मला त्यांचा रागच आला. असला कसला माणूस, सुटायची वाट समोर असून तिच्याकडे पाठ करून बसणारा.

एवढ्यात म्हातारी दारात आली. तिनं आम्हांला पाहिलं आणि आत गेली नाही. कमरेवर हात ठेवून उभीच राहिली. मी म्हटलं, भाऊ, वाट पाहते वाटतं, उठा. भाऊ उठले. टोपी नीट केली. मला वाटलं, आता जातात. दोन पावलं गेलेही. मग थांबले, तिच्याकडे बघून खाली वाकले आणि डेपोच्या वाटेला लागले.

मी मागे वळून पाहिलं. ती अजून दारातच होती. हो म्हणायला उभी होती की नाही म्हणायला, कोण जाणे.

दुसऱ्या दिवशी शालोमभाऊ पांढरे कपडे घालून, दार लावून उपाशी बसले. आधी माणूस, मग देव, हे त्यांचंच म्हणणं. आपला उपास देवापर्यंत पोचणार नाही हे त्यांना ठाऊक होतं, तरी दिवे लागेपर्यंत त्यांनी दार उघडलं नाही.