पंख्याला कावळा शिवेना

आमच्या नगरपालिकेच्या नव्या ई-कचरा धोरणानुसार कावळा शिवल्याशिवाय कोणतंही उपकरण मोडीत घेतलं जात नाही.

नियम योग्यच आहे. उपकरणाची इच्छा मागे राहिली, तर त्याच्या तांब्यातून घडलेली पुढची वस्तूही कुरकुरते.

आम्ही टेबलफॅन नेला होता. त्याचा शॉक बसायचा, आणि आमची रेवा नुकतीच रांगायला लागली होती. सगळं घर सोडून ती त्याच्याकडेच जायची. सगळ्याच आया इतक्या घाबरतात की मीच, हे विचारायचं मी सोडून दिलंय. पण त्या दिवशी कावळा शिवला नाही, तर फॅन वर्षभर पुन्हा घरी. तोही चालू ठेवायचा. अतृप्त उपकरण माळ्यावर टाकणं हा गुन्हा आहे.

केंद्रावरच्या वाघचौरेंनी फॅन पत्रावळीवर ठेवला. कावळा कठड्यावर येऊन बसला. गळ्यात ओळखपत्र.

“बोला. काय राहिलंय फॅनचं?” वाघचौरेंनी विचारलं.

“नवा फॅन तुझ्याच कंपनीचा घेऊ,” माझा नवरा हृषीकेश म्हणाला. कावळ्याने मान फिरवली.

“दर रविवारी जाळी पुसू तुझी,” सासूबाई म्हणाल्या.

“आता काय पुसताय, आजी? चालला तो!” वाघचौरे म्हणाले.

“रेवाला उकडू देणार नाही,” मी म्हणाले. कावळा जरा पुढे सरकला आणि थांबला.

“जवळ आलात, ताई. पण आटपा. पाचला कावळ्याची ड्यूटी संपते. कंत्राटी आहे, ओव्हरटाइम नाही.”

“दर्भाचा करून शिववा की!” मागून एक मिक्सरवाल्या बाई ओरडल्या.

“दर्भाचा ऑडिटला चालत नाही.”

मी फॅनकडे पाहिलं. रेवा झाल्यापासून तिचा श्वास चालू आहे ना, हे बघत मी जागी बसायचे. जागा असायचा तो एकटाच. तिच्याकडून माझ्याकडे, माझ्याकडून तिच्याकडे मान वळवत.

“ती झोपली की मीही झोपेन,” मी हळूच म्हणाले. “बघत बसणार नाही.”

कावळ्याने उडी मारून पात्याला चोच लावली.

“सुटला बिचारा,” म्हणत सासूबाईंनी डोळ्यांना पदर लावला. वाघचौरेंनी शिक्का मारला. “हं, मिक्सर पुढे घ्या.”

दुसऱ्या दिवशी दुपारी रेवा झोपली. मी तिच्या नाकाशी बोट नेलं, तोच खिडकीच्या गजावर तो येऊन बसला, ओळखपत्रासकट. धोरणात पाठपुराव्याची तरतूद आहे.

मी बोट मागे घेतलं आणि मुकाट्याने आडवी झाले.

तो कधी उडाला, ते मला कळलं नाही.