उत्तर मागू नये

आमच्या निपाणीच्या विडी कामगार ओळखपत्र कक्षात चाळीस हजार नोंदी आहेत. त्यातली एक शोधायला संगणक अकरा मिनिटं घेतो, ही बाब वरिष्ठांच्या निदर्शनास आली. सबब बेळगावहून दीपंकर नावाचा अभियंता बोलावण्यात आला. त्यानं ‘फंक्शनल’ म्हणतात तसल्या कुठल्याशा संगणकभाषेत त्याच नोंदी दोन प्रकारे मांडल्या. एक सरळ यादी, पहिलीपासून चाळत जायची; दुसरी झाडासारखी, फांद्याफांद्यांनी उतरायची. यातली वेगवान कोणती, याचा तुलनात्मक अहवाल लिहिण्याचं काम लिपिक या नात्यानं माझ्याकडं आलं.

चाचणीला रुक्माबाई आयत्याच सापडल्या. चाळीस वर्षं विड्या वळलेल्या, दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू. शनिवारी दुपारपर्यंत मोफत शस्त्रक्रियेचं शिबिर होतं, आणि हरवलेल्या ओळखपत्राची नवी प्रत दाखवल्याशिवाय तिथं नाव घेणार नव्हते. नव्या मांडणीसाठी जुना शोध बंद ठेवलेला, म्हणून बाई सोमवारपासून बाकावर बसून होत्या.

दीपंकरनं कळ दाबली. यादी, शून्य सेकंद. झाड, शून्य सेकंद.

आमचे अधीक्षक साईराज साहेब खुर्चीतून उठलेच. "शून्य! अख्ख्या जिल्ह्यात कुणाचं न्हाय!"

"साहेब, संगणकानं अजून शोधलंच न्हाय," दीपंकर ओशाळून म्हणाला. "ही भाषा लई आळशी हाय. उत्तर मागितल्याबिगर काम करत न्हाय, नुसतं करीन म्हणून ठेवती. मी वेळ मोजली, पण उत्तर मागायचंच ऱ्हायलं."

"आणि मागितलं तर?"

"यादीला अर्धा सेकंद. झाडाला सेकंदाचा शंभरावा भाग."

"म्हणजे मागितलं की आकडा बिघडतो." साहेबांनी क्षणभर विचार केला. "मग मागायचं न्हाय."

त्याच दुपारी परिपत्रक निघालं. उद्घाटन होईपर्यंत कोणीही कर्मचारी अथवा अर्जदार प्रणालीकडे उत्तराची मागणी करणार नाही. ते कन्नडमध्ये होतं, म्हणून रुक्माबाईंना मी मराठीत समजावलं.

"आक्का, तुमचं काम शून्य सेकंदात झालंय. आता मागू नका, वेळ वाढंल."

"झालंय तर द्या की."

या प्रश्नासाठी अहवालात रकाना नव्हता.

शनिवारी अकरा वाजता उद्घाटन झालं. समई लावली, नारळ फुटला, मोठ्या पडद्यावर शून्य झळकलं. पहिल्या लाभार्थी म्हणून रुक्माबाईंना शाल पांघरवली. भाषणं दोन वाजेपर्यंत चालली. मग दीपंकरला राहवलं नाही. त्यानं उत्तर मागितलं, आणि सेकंदाच्या शंभराव्या भागात कार्ड बाहेर आलं. बाईंना मोटारसायकलवर बसवून तो शिबिराकडं धावला. तिथं मांडव सोडायचं काम चाललं होतं. पुढचं शिबिर पुढच्या वर्षी.

सोमवारी दीपंकरला कक्षाची सरासरी बिघडवल्याबद्दल नोटीस निघाली. ती टंकलिखित मीच केली. त्याची मला लाज वाटते, पण नोटीस सुबक झाली होती.

रुक्माबाई कार्ड नाकाला लावून बघत होत्या. "फोटो माझाच हाय न्हवं रं?"

"व्हय, आक्का," मी म्हणालो.

माझा अहवाल मात्र फार गाजला. 'निपाणीत शून्य सेकंदात ओळखपत्र!' असा तो व्हॉट्सअॅपच्या गटागटांतून फिरला, तुमच्याही मोबाईलवर आला असेल. न उघडता पसंतीचा अंगठा देणाऱ्यांत आपणही होतात, त्याबद्दल कक्ष आभारी आहे. फिरला तो उद्घाटनाच्या आदल्या दिवशी. 'बाईला कार्ड मिळालं का?' एवढं तुम्ही विचारलं असतं, तर आम्हाला ते शोधावं लागलं असतं.