पायरीपर्यंत आलेलं कुरण

यंदा अनुदानाचा अर्ज आपण स्वतःच भरायचा, असं मी मार्चमध्ये ठरवलं. दरवर्षी तो किअरन भरतो. किअरन म्हणजे आमचा शेती सल्लागार. फी घेतो ती घेतोच, वर तीन कप चहा पितो आणि निघताना माझी मेंढरं बारीक दिसतात म्हणतो. म्हटलं, कॉम्प्युटरवरच्या नकाशात आपल्याच शेताभोवती लाल रेघ तर ओढायची, त्यात काय मोठं! आयर्लंडच्या या अख्ख्या रॉसकॉमन परगण्यात माझ्याइतकं सरळ कुंपण कोणी घालत नाही. (मोजून पाहिलेलं नाही, पण खात्री आहे.)

फुलांची कुरणं राखणाऱ्याला सरकार फुलं मोजून दहापैकी गुण देतं आणि त्याप्रमाणे पैसे देतं. अट एकच: पंधरा एप्रिल ते एक जुलै त्या गवताला पातं लावायचं नाही. लावलंत, तर वर्षाचं सगळं अनुदान रद्द. मी चार तुकडे नोंदवले, बटण दाबलं आणि किअरनच्या वाटणीचा चहासुद्धा स्वतःच प्यालो.

एप्रिलपासून पाऊस थांबलाच नव्हता. मेच्या शेवटी ऊन पडलं, तशी माझ्या बायकोनं, अट्रॅक्टानं, गवत कापायचं मशीन बाहेर काढलं. तेवढ्यात पोस्टमननं सरकारी पाकीट आणलं. तपासणी कुठल्याही दिवशी होईल, सोबत नकाशा जोडला आहे.

"मॅलकी, ही लाल रेघ आपल्या पायरीपर्यंत कशी आली?"

"त्यांची चूक असणार."

"खाली सही तुझी आहे."

"मग माऊस घसरला असेल."

"तुझा माऊस घसरला आणि माझी लॉन सरकारजमा झाली? अरे, शुक्रवारी आपल्याकडे मिस्सा आहे!"

आमच्या वाडीत घरोघरी पाळीनं मिस्सा होते, म्हणजे चर्चचे फादर घरी येऊन सगळ्या वाडीसोबत प्रार्थना करतात, आणि आमची पाळी अकरा वर्षांनी आली होती. अट्रॅक्टानं घर रंगवलं होतं, फाटक रंगवलं होतं. मी जरा वेळ एका जागी उभा राहिलो असतो, तर मलाही रंगवलं असतं. गेल्या खेपेला शेजारच्या डिंपनाकडे लॉन गालिच्यासारखी होती, आणि डिंपना ते कोणाला विसरू देत नव्हती. मी ऑफिसला फोन लावला. दुरुस्तीची मुदत परवाच संपली होती.

शुक्रवारी अख्खी वाडी गुडघाभर गवतातून आली.

"मशीन बिघडलंय का गं? आमचं पाठवू?" डिंपनानं अगदी मायेनं विचारलं.

फादरनी क्षमेवर सुंदर प्रवचन केलं. अट्रॅक्टानं ते भिंतीकडे बघत ऐकलं. मला तिचं खरंच वाईट वाटलं.

चहा सुरू झाला आणि तपासनीस बाई दारात हजर! सकाळपासून माझी बाकीची तीन कुरणं बघून आल्या होत्या. त्या थेट लॉनमध्ये गुडघे टेकून बसल्या. (फादरना वाटलं, कोणी उशिरा आलेली भाविक.) एकेक फूल मोजून त्या उठल्या.

"दहापैकी नऊ! ऑर्किड आहेत इथं. परगण्यात यंदा एवढे गुण कोणालाच नाहीत."

डिंपनाचा चहा कपातच राहिला. अट्रॅक्टा आठवड्यात पहिल्यांदा हसली. मी छाती पुढे काढली.

"आणि माझे बाकीचे तीन तुकडे?" सगळ्यांना ऐकू जावं म्हणून मी मोठ्यानं विचारलं.

"दोन, दोन आणि एक. तिथं कोण राबतं?"

"मी! तीस वर्षं!"

"आणि इथं?"

"इथं यानं आजवर काडीचं काम केलेलं नाही," अट्रॅक्टा खिडकीतून म्हणाली.

बाईंनी मान डोलावली आणि लिहिता लिहिता मोठ्यानं वाचलं, "शिफारस: शेतकऱ्याने उरलेल्या तिन्ही तुकड्यांपासूनही असेच लांब राहावे."

खिडकीतून आधी फादर आणि त्यांच्या मागोमाग अख्खी वाडी म्हणाली, "आमेन!"