गावंडेंची बंद न पडणारी गाडी

गावंडेंच्या बसमध्ये चढायचं असेल तर आधी घंटी वाजवावी लागते. दार उघडं असलं, गावंडे समोर उभे असले, तरीही. आपण घंटी वाजवली की ते आतून ओरडतात, "कोन हाय?" आपण नाव सांगायचं. मग ते म्हणतात, "या, या. चपला बाहेर." चपला बाहेर, म्हणजे पायरीवरच्या लाकडी खोक्यात. एकदा आमचे मित्र बोंडे चुकून बूट घालून आत गेले, तर गावंडेंनी त्यांच्यादेखत फडक्याने सगळी बस पुसली. बोंडेंना ते शिव्यांपेक्षा जास्त लागलं.

गावंडे अकोल्यात माझ्या घरापासून तिसऱ्या घरात राहतात. मोटार वाइंडिंगचं दुकान त्यांनी चाळीस वर्षं चालवलं आणि गुडघे कुरकुरायला लागले तेव्हा पुतण्याच्या हवाली केलं. आता माणूस रिकामा बसला की देवळात जातो किंवा सुनेच्या स्वयंपाकात लक्ष घालतो. गावंडेंनी भंगारातून एक जुनी स्कूलबस आणली. वर्षभर ठोकपीट करून तिच्यात चार पलंग, गॅसची शेगडी, भांडी घासायची मोरी, देवांचा कोनाडा आणि मागच्या खिडकीत कुलर बसवला.

हो, कुलर. आणि आम्हाला जायचं होतं चिखलदऱ्याला, तेही डिसेंबरात.

"गावंडे, तिकडे लोक स्वेटर घालून झोपतात," मी म्हणालो.

"मास्तर, कुलर नसलेल्या घराले घर म्हनते का कोनी?"

अकोल्याचा उन्हाळा पंचेचाळीस अंशांचा, त्यामुळे हे मलाही पटलं.

या बसबद्दल त्यांना भारी अभिमान. तिला 'जुनी' म्हटलेलं चालत नाही, 'अनुभवी' म्हणायचं. आणि वाक्य ठरलेलं, "माही गाडी बंद पडत नाही. जे बंद पडते त्या गाडीचा मालकच बंद पडेल असते." हे ते भेटेल त्याला ऐकवतात. पेट्रोल पंपावरच्या माणसालाही ऐकवलं, तो बिचारा फक्त झाकण कुठे आहे ते विचारत होता.

आता माझं दुखणं सांगतो, कारण त्याशिवाय पुढचं कळायचं नाही. चार वर्षांपासून मला दर अर्ध्यापाऊण तासाला लघवीला जावं लागतं. डॉक्टर म्हणतात वयोमान आहे, गोळ्या घ्या. गोळ्या घेतो. पण जन्मभर वर्गात "मास्तर, एकी?" म्हणणाऱ्या पोरांना "बस खाली" म्हणत आलो, आणि आता स्वतः कुणाला करंगळी दाखवून गाडी थांबवायला सांगू? मेलो असतो तरी सांगितलं नसतं. म्हणून मी गावाला जाणंच सोडलं. लग्नाचं बोलावणं आलं की मला ताप, सहल ठरली की कंबर. बायकोशिवाय हे कोणाला माहीत नव्हतं. निदान मी तसं समजत होतो.

चिखलदऱ्यालाही मी कंबरच पुढे केली होती. पण ठरल्या दिवशी सकाळी सहाला बस माझ्या फाटकाशी येऊन उभी राहिली आणि हॉर्न सुरू झाला. शेजारपाजारचे बाहेर आले. गावंडे खिडकीतून म्हणाले, "मास्तर, घर चालून तुमच्या दारात आलं. आता नाही म्हनसान तं वाईट दिसते." मी रात्रीपासून पाण्याचा घोट घेतला नव्हता, कारण मनातून जायचंच होतं. पिशवी उचलली आणि घंटी वाजवली.

आत इंगळे आणि बोंडे आधीच पलंगावर पसरले होते. इंगळे म्हणजे आमच्या गल्लीतले कापसाचे व्यापारी, आणि बोंडे बँकेतून निवृत्त झालेले. दोघांचं गावंडेंशी एका गोष्टीवरही पटत नाही, आणि तिघं रोज संध्याकाळी एकाच बाकावर बसतात.

निघालो. मूर्तिजापूरही आलं नव्हतं तोच बस बाजूला लागली.

"उतरा. पाहाले आहे," गावंडे म्हणाले.

समोर विजेचं उपकेंद्र होतं.

"हे काय पाहाचं?" इंगळेंनी विचारलं.

"पाहून घ्या. मंग म्हनसान दाखवलं नाही." आणि त्यांनी ट्रान्सफॉर्मर या विषयावर भाषण सुरू केलं. मागे बाभळीचं दाट बन होतं. मी ट्रान्सफॉर्मर बघायला जरा लांबून गेलो आणि मोकळा होऊन आलो. म्हटलं, देव आहे.

पुढे त्यांनी एक बंद जिनिंग फॅक्टरी दाखवली, पडकी भिंत असलेली. मग एक विहीर, जिच्यात पाणी नव्हतं. अमरावतीच्या पुढे एक चिंचेचं झाड. "येवढं तिरपं झाड तुमाले साऱ्या वऱ्हाडात दिसनार नाही." परतवाड्याच्या अलीकडे संत्र्याचा बगीचा. तिथे मात्र मालकाने ओंजळभर संत्री दिली म्हणून इंगळेंनी तक्रार केली नाही. बोंडे वैतागून म्हणाले, "अशानं उद्या पोचू." मी मात्र प्रत्येक वेळी सगळ्यात आधी उतरत होतो. "मास्तरले पाहाची हौस आहे," गावंडे म्हणाले, "नाही तं तुमी दोघं. पलंगाले चिकटेल."

घाटात कुलरने घात केला. त्याची टाकी गावंडेंनी काठोकाठ भरली होती, "घर आहे, पाणी पाह्यजे" म्हणून. पहिल्याच वळणाला पाणी उसळून बोंडेंच्या पाठीवर आलं. दुसऱ्या वळणाला त्यांच्या उशीवर. बोंडे बाजू बदलून इंगळेंकडे सरकले, तर तिसरं वळण उलटं निघालं आणि दोघंही भिजले. चिखलदऱ्याच्या थंडीत बोंडे माझी शाल गुंडाळून बसले होते. गावंडे शांतपणे म्हणाले, "पाहा, थंड करते का नाही?"

दोन दिवस मजेत गेले. गाविलगड पाहिला, दरीतलं धुकं पाहिलं, इंगळेंनी रोडगे भाजले ते बाहेरून कोळसा आणि आतून कणीक निघाले, तरी वांग्याच्या भाजीशी सगळे संपले. मी चार वर्षांत इतका हसलो नव्हतो.

रविवारी दुपारी उतरायला लागलो. घाटात गाड्यांची रांग, पुढे जीप, मागे जीप, एका बाजूला दरी. आणि त्या थंडीने माझा सगळा हिशोब चुकवला. निघून वीस मिनिटं झाली नव्हती तर मला जोराची लागली. मी पलंगाची कड धरली, रामरक्षा म्हणायला घेतली, तीही मध्येच विसरलो. थांबवा म्हणावं तर रस्त्यात जागा नाही, न म्हणावं तर या तिघांसमोर जन्माची शोभा. आरशात गावंडेंचे डोळे एकदा माझ्याकडे वळलेले दिसले.

बसने दोन गचके दिले आणि वळणाजवळ बंद पडली.

मागे हॉर्नचा कल्लोळ. गावंडे उतरले, बॉनेट उघडलं आणि साऱ्या घाटाला ऐकू जाईल असं ओरडले, "गरम झाली! बंद पडली! बोंडे, मांगच्या गाड्याइले थांबवा. इंगळे, तुमी पुढं जा. मास्तर, तुमी वर झाडीत जा अन् चाकाले लावाले मोठा दगड पाहून आना. घाई करू नका, नीट पाहून आना."

मी गेलो. दगड घेऊन परत आलो तेव्हा एक जीपवाला त्यांना म्हणत होता, "काका, भंगार कशाले आनता घाटात?" आणि गावंडे बॉनेटपुढे हात मागे बांधून उभे होते. ज्या माणसाला दुसऱ्याच्या घरचा पंखाही उघडून पाहिल्याशिवाय चैन पडत नाही, तो आपल्या गाडीच्या इंजिनाला बोटही लावत नव्हता. हात स्वच्छ होते. मला पाहिलं, बॉनेट खाली आपटलं आणि म्हणाले, "झालं." पहिल्याच चावीला गाडी सुरू झाली.

परतवाड्यापर्यंत इंगळे आणि बोंडेंनी त्यांना सोललं. "काय गावंडे, मालक बंद पडला का?" गावंडे एवढंच म्हणाले, "मशीन आहे. पडते कधी."

परतवाड्यात चहाला थांबलो. बोंडे अकोल्यात ही गोष्ट कोणाकोणाला सांगायची त्याची यादी करत होते. मला राहवलं नाही. मी म्हणालो, "गाडी बंद पडली नव्हती. माझ्यासाठी थांबवली." आणि चार वर्षांचं सगळं सांगून टाकलं.

गावंडे चिडले. "तुमाले कोनी सांगतलं बोलाले? मी झाडं-विहिरी दाखवत दोन दिवस बरोबर निभावून राहिलो होतो."

"तुम्हाला कसं कळलं?"

त्यांनी कप खाली ठेवला. "माहा बाबा दहा वर्षं ओसरीवर बसून होता. कोठी चाल म्हटलं का अंगावर धावे. मले वाटे, म्हातारा खडूस आहे. तो गेल्यावर मायनं कारन सांगतलं. येवढीशी गोष्ट, मास्तर. तुमीबी लग्नाले येनं सोडलं, तवा मले समजलं."

"मंग गाडीत संडासच काहून नाही बसवला?" इंगळे म्हणाले. "कुलर बसवला, देव बसवले."

"बसवला असता तं मास्तरले पह्यल्याच दिवशी समजलं असतं कोनासाठी हाय थे. मंग आले असते का हे?"

माझ्या डोळ्यांत पाणी आलं, ते मी पुसलं नाही. मग बोंडे खाकरले, शाल सावरली आणि खाली मान घालून म्हणाले, "मीबी जरा जाऊन येतो. घाटापासून दाबून बसलो आहे."

"मीबी," इंगळे म्हणाले.

मग आम्ही चौघेही उठलो.