भावाचं काय झालं?

ज्या वस्तूचा भाव ती पकडणाऱ्याला सर्वांत शेवटी कळतो, त्या वस्तूला मासळी म्हणतात. यात कुणाचा दोष नाही. मच्छीमार समुद्रात असतो आणि भाव जमिनीवर ठरतो. दोघांची गाठ पडायला उशीर होणारच.

पद्धत अशी. होडी धक्क्याला लागते, मासळी क्रेटमध्ये भरून वर बर्फ टाकला जातो आणि व्यापारी येईपर्यंत लिलाव थांबतो. व्यापाऱ्यांना यायला उशीर होतो, कारण ते आधीच येऊन समोरच्या टपरीत चहा पीत बसलेले असतात. बर्फाचं पाणी झालं की ते उठतात, मासा बोटाने दाबून बघतात आणि हळहळतात, "अरेरे, नरम पडला हो!" मग भावही नरम पडतो. (आपल्यासारख्या चाणाक्ष वाचकाला यातली मेख वेगळी सांगायला नको.)

भोंगा हा याच धक्क्यावरचा होडीवाला. एकदा दाट धुक्यात होडीचा भोंगा बंद पडला तेव्हा हा स्वतः ओरडला आणि समोरून येणारं जहाज बाजूला झालं. तेव्हापासून हे नाव. आवाज सोडला तर त्याच्याकडे दोनच गोष्टी होत्या : अर्धी होडी, आणि उरलेल्या अर्ध्या होडीचा मालक असलेला धाकटा भाऊ. भोंगा सुकाणूवर, धाकटा जाळ्यावर. वडील गेले तरी वाटणी झाली नव्हती. होडी मधोमध कापली तर बुडते, एवढं दोघांनाही कळत होतं.

एके दिवशी लिलाव आटोपल्यावर क्रेट धुता धुता धाकटा म्हणाला, "दादा, हा शेवटचा हंगाम. भाव सुधारला तर ठीक, नाहीतर मी माझा हिस्सा विकणार. मासे पकडायचा कंटाळा नाही रे मला. पकडून फुकट वाटायचा कंटाळा आलाय."

 भाऊ नसलेली होडी भोंग्याने कधी बघितलीच नव्हती. तो म्हणाला, "थांब, मी बघतो काहीतरी." असं म्हणणारा माणूस शेवटी निवडणुकीला उभा राहतो.

मच्छीमार संघाचं संचालक मंडळ बर्फाच्या कोठाराच्या वरच्या मजल्यावर बसत असे. खोलीला धक्क्याकडे उघडणाऱ्या मोठ्या खिडक्या होत्या. त्या बंद ठेवण्यात येत, कारण मासळीचा वास यायचा. संघाच्या स्वतःच्याच पाहणीनुसार शंभरातल्या नव्वद मच्छीमारांना भाव मिळत नव्हता. उरलेले दहा मंडळावर होते.

प्रचाराची पाटी भोंग्याने स्वतः सांगून रंगवून घेतली : 'मच्छीमाराला भाव मिळालाच पाहिजे!' बायकोने ती दारातच अडवली.

"अहो, 'मासळीला' असं लिहा की."

"अगं, कळतंच ते! धक्क्यावर 'मासळीला भाव नाही' असं म्हणतं का कुणी? 'आपल्याला भाव नाही' असंच म्हणतात सगळे."

"तुम्हाला कळतं हो. वरच्या मजल्यावर कळायला नको?"

"तू काळजीच करू नकोस," भोंगा म्हणाला आणि पाटी घेऊन निघाला. (इथे चाणाक्ष वाचकाच्या मनात पाल चुकचुकली असेलच.)

भोंगा दणदणीत मतांनी निवडून आला. त्याला कर्ण्याचा खर्च नव्हता. पहिल्याच बैठकीत त्याने ठराव मांडला, तोही पाटीवरच्याच शब्दांत, आणि आश्चर्य म्हणजे तो एकमताने मंजूर झाला. ज्यांच्या मेहुण्यांचा मासळीचाच व्यापार होता ते अध्यक्षही टाळ्या वाजवत होते.

संघाचे सचिव हे भाषेशी इमान राखणारे गृहस्थ. ठरावाची अंमलबजावणी त्यांनी दुसऱ्याच दिवशी सुरू केली, ती अशी :

मच्छीमारांना लिलावाच्या वेळी उकिडवं बसावं लागू नये म्हणून धक्क्यावर खुर्च्या मांडण्यात आल्या.

मासळी तोलणाऱ्या काटेवाल्याने प्रत्येक मच्छीमाराला 'साहेब' म्हणावं, अशी सक्ती झाली. (पूर्वी तो 'ए' म्हणत असे.)

व्यापाऱ्याने बोली लावण्याआधी मच्छीमाराची व त्याच्या घरच्यांची प्रकृती विचारावी, असा नियम झाला. हा नियम व्यापाऱ्यांना फारच आवडला. ते सासूपासून नातवापर्यंत सगळ्यांची चौकशी करू लागले आणि तेवढ्यात आणखी थोडा बर्फ वितळू लागला.

भोंगा जिना थरथरवत वर गेला. "अहो, हे काय चालवलंय? भाव मासळीला द्यायचा होता! मासळीला!"

सचिव शांतपणे म्हणाले, "अहो, ठरावातला शब्दन् शब्द आपला आहे. त्यात मासळीचा उल्लेख नाही. शिवाय मासळी संघाची सभासद नाही."

"मग ठराव दुरुस्त करा!"

"पुढच्या बैठकीत मांडा ना. बसा. चहा घेणार?"

पुढच्या बैठकीत भोंगा दुरुस्ती मांडायलाच उठला होता. पण अध्यक्ष त्याच्याआधी बोलले. म्हणाले, आज मच्छीमार ताठ मानेने खुर्चीत बसतो आहे, तो फक्त आपल्या भोंगासाहेबांमुळे. सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. भोंग्याला जन्मात कुणी साहेब म्हटलं नव्हतं. काटेवाला म्हणायचा, पण तो सगळ्यांनाच म्हणायचा. खास त्याच्यासाठी हातांची खुर्ची आणली होती. तो उभा होता, म्हणून बसला. बसल्यावर उठून भांडणं बरं दिसत नाही. त्याने ठरवलं, पुढच्या वेळी नक्की.

पुढच्या वेळी त्याला 'भाव उपसमिती'चा प्रमुख करण्यात आलं आणि प्रमुखाने स्वतःच्याच ठरावावर हरकत घेणं नियमात बसत नव्हतं. उपसमितीने अहवाल दिला : मच्छीमारांचा भाव भरघोस वाढला आहे, मासळीचा किंचित उतरला आहे, सरासरी काढता भाव वाढलाच आहे. धक्क्यावर कुणी तक्रार केली नाही. खुर्चीत बसून तक्रार करायला लोकांना लाज वाटू लागली होती.

एकट्या धाकट्याने खुर्ची घेतली नाही. तो क्रेटजवळ उकिडवाच बसायचा. व्यापाऱ्याने "वहिनी कशा आहेत?" म्हणून विचारलं की म्हणायचा, "वहिनी मजेत आहे. तू बोली लाव."

भोंग्याने त्याला समजावलं, "अरे, जरा धीर धर. आत शिरल्याशिवाय काही करता येत नाही."

"दादा, तू आत शिरलास, पण खिडकी काही उघडली नाहीस."

हंगाम संपला आणि धाकट्याने आपला हिस्सा विकला. तो अध्यक्षांच्या मेहुण्याने घेतला. परक्याबरोबर अर्ध्या होडीत बसवेना, तेव्हा भोंग्यानेही आपला हिस्सा त्यालाच देऊन टाकला. त्या दिवशी तो घरी आला आणि भिंतीकडे तोंड करून रडला. बायकोने पाटीबद्दल एक शब्द काढला नाही, आणि तेच त्याला जास्त लागलं.

होडी नसलेला मच्छीमार मंडळावर राहू शकतो का, असा प्रश्न निघाला. सचिवांनी नियम वाचून दाखवला : बसलेला असेल तर बसू शकतो, फक्त पुन्हा उभा राहू शकत नाही. तेव्हा भोंगा बसला.

मग वार्षिक सभा झाली. व्यासपीठावर भोंगा मधोमध होता. अहवाल वाचून झाला आणि मागच्या रांगेतून एक म्हातारा होडीवाला ओरडला, "ते सगळं राहू दे. भावाचं काय झालं?"

भोंग्याचा चेहरा पांढराफटक पडला. त्याची नजर रांगांमधून धाकट्याला शोधत फिरली. तो धुक्यातला आवाज कुठे गेला कुणास ठाऊक, तो जेमतेम म्हणाला, "गेला तो. माझ्यामुळेच गेला. मला थांबवता आला नाही."

 एवढ्या प्रामाणिकपणे उतरत्या दराची जबाबदारी घेणारा संचालक कुणी पाहिला नव्हता. टाळ्यांचा कडकडाट झाला. सचिवांनी नोंद केली : भावाबाबतच्या प्रश्नाला मा. संचालकांनी समाधानकारक उत्तर दिले. (चाणाक्ष वाचकाला नोंदीतली चूक तेवढ्यात दिसलीच असेल.)

धाकट्याला संघातच नोकरी लागली आहे. धक्क्यावरच्या खुर्च्या मांडणं आणि पुसणं हे त्याचं काम. रोज लिलावाआधी तो वरून खाली आणलेली हातांची खुर्ची फडक्याने पुसतो आणि भोंगा आला की म्हणतो, "बसा साहेब."

"अरे, दादा म्हण ना," भोंगा पहिल्या दिवशी म्हणाला होता.

"कामाच्या वेळेत नाही म्हणता येत. आपलाच नियम आहे, साहेब."

आता तुम्ही हसाल भोंग्याला. खुशाल हसा. पण या गोष्टीत तुम्हाला तीनदा चाणाक्ष म्हणण्यात आलं. तिन्ही वेळा तुम्ही मनातल्या मनात मान डोलावलीत आणि पुढे गेलात. मासळीचा दर शेवटी किती झाला, हे विचारायचं मात्र राहूनच गेलं. हरकत नाही. बसा साहेब, खुर्ची आत्ताच पुसली आहे.