उजवा कान

मे महिन्यात कानटोपी घालून जेवायला बसलेल्या मुलाकडे बाप थोडा वेळ नुसता बघतो, मग बोलतोच. देवासच्या विक्रमसिंहांनी दोन घास जास्त वाट पाहिली, एवढंच.

"मोनू, टोपी काढ."

"कान दुखतोय, दादा."

"कोणता?"

"दोन्ही," मोनू म्हणाला, आणि तिथेच फसला.

दुखत फक्त उजवा होता. काल संध्याकाळी टेकडीखालच्या एका दुकानात त्याने तो टोचून घेतला होता. पंधराव्या वर्षी माणसाला स्वतःचं असं काहीतरी लागतं, आणि मोनूकडे तसं काहीच नव्हतं. शाळेतलं नाव यशवंतसिंह, ते पणजोबांचं. नाक आजोबांचं, चाल बापाची, राग आत्याचा. घरी येणारा प्रत्येक पाहुणा त्याची अशी वाटणी करून चहा पिऊन जायचा. वर्गातल्या पोरांनी डाव्या कानाची खालची पाळी टोचली होती, म्हणून मोनूने उजवा निवडला, तोही वरच्या बाजूला. असा कान अख्ख्या देवासात दुसरा नसणार.

पण बाप तोच होता. मागच्या वर्षी मोनू भुवईत रेघ काढून आला, तेव्हा विक्रमसिंहांनी त्याला त्याच न्हाव्याकडे परत नेऊन डोक्याचा चकोट करून आणलं होतं. भुवईसाठी डोकं गेलं, तर कानासाठी काय जाईल?

"लसणीचं तेल घालते, थांब," आई उठली.

"नको आई. दुखणं गेलं. आता फक्त ऐकू येत नाहीये."

झालं. त्या क्षणापासून विक्रमसिंह ओरडून बोलायला लागले आणि मोनूला बहिरं राहावं लागलं. बहीण नेहाला सगळं ठाऊक होतं. ती मागून हळूच म्हणायची, "मोनू, कुल्फी आली रे," आणि तो वळला की, "अरे वा भिया, ठीक हो गया क्या?"

"रविवारी धारला पूजा आहे," विक्रमसिंह ओरडले. "तिथून इंदूरला कानाच्या डॉक्टरकडे जाऊ."

डॉक्टरपेक्षा मोनूला पूजेची धास्ती होती. धारला कुलदेवीच्या पूजेआधी घरातल्या प्रत्येक पुरुषाला आबासाहेब, म्हणजे आजोबा, स्वतःच्या हातांनी साफा बांधतात. तिथे कानटोपी चालत नाही.

रविवारी रांग पुढे सरकत गेली तसा मोनू टोपी आणखी खाली ओढत गेला. मागे बाप उभा, पुढे आबासाहेब.

"टोपी काढा, यशवंतराव."

"आबासाहेब, माझं डोकं..."

विक्रमसिंहांनीच टोपी ओढली. उजव्या कानाच्या वरच्या बाजूला, सुजलेल्या लाल मांसात एक स्टीलची बारीक कडी चमकली. आत्याच्या हातातलं ताम्हन जागच्या जागी थांबलं. विक्रमसिंहांचा हात वर गेला आणि मोनूने डोळे मिटले.

चापट आली नाही. कानाला आबासाहेबांची बोटं लागली.

"उजवा," ते म्हणाले. "आणि वर. तुला कोणी सांगितलं रे?"

"कोणीच नाही, आबासाहेब. मीच ठरवलं."

"म्हणजे रक्तानंच सांगितलं."

ते देवघरात गेले आणि एक डबी घेऊन आले. आत मोत्यांची भिकबाळी होती. मोनूने भिंतीवरच्या पणजोबांच्या फोटोकडे पाहिलं. जन्मापासून तो त्या फोटोला नमस्कार करत आला होता, पण त्याच्या कानाकडे कधी बघितलं नव्हतं. उजवा कान, वरची बाजू, तीच भिकबाळी.

विक्रमसिंहांचा वर गेलेला हात खाली आला आणि मोनूच्या पाठीवर पडला. "माझ्यावर गेलाय," ते म्हणाले. डॉक्टरचा विषय पुन्हा निघाला नाही. कान बरा होताच आबासाहेबांनी देवासला येऊन स्वतः ती भिकबाळी चढवली, आणि म्हणाले, "आता ही उतरायची नाही."

दुसऱ्या दिवशी मोनू क्लासला निघाला. फाटकापाशी थांबून त्याने खिशातून कानटोपी काढली आणि नीट कानांवर ओढली.

"आता काय लपवतोस?" नेहाने विचारलं. "घरात तर सगळे खूश आहेत."

"घरात आहेत ना," मोनू म्हणाला. "बाहेर पोरांनी ही पणजोबांची भिकबाळी बघितली तर?"