बरं व्हायला बंदी

महाले गुरुजी कुणाला "कसे आहात?" असं विचारत नाहीत. "जरा चालून दाखवा," म्हणतात.

जव्हारच्या एसटी डेपोकडून आमच्या आळीत येणारा चढ त्यांच्या ओट्यावरून पुरता दिसतो. पाहुणा धापा टाकत वर पोचेपर्यंत गुरुजींचं निदान तयार असतं. माझ्या मामाला त्यांनी नाव विचारायच्या आधीच सांगितलं, "तुमचा उजवा खांदा भांडणात आहे. कुणाशी, ते तुम्ही बघा." मामा तेव्हा भावकीची केस लढत होता. गुरुजींच्या दारावरून तो अजूनही पाठ ताठ करून जातो.

गुरुजींनी आश्रमशाळेत जन्मभर कवायत शिकवली. एका शिट्टीवर सगळी पोरं वाकायची, दुसऱ्या शिट्टीवर उभी राहायची. निवृत्त झाल्यावर त्यांनी शिट्टी माळ्यावर टाकली आणि योगोपचार सुरू केले, तेही फुकट. पहिला नियम: दोन माणसांना एक आसन नाही. "दुसऱ्याचं आसन करणं म्हणजे दुसऱ्याचा चष्मा लावणं!" प्रकल्प कार्यालयातले वाघ भाऊसाहेब मानेसाठी येतात. ते एकदा शेजारच्या बाईंचं आसन करताना सापडले. गुरुजी गरजले, "कॉपी!" पंचावन्न वर्षांच्या भाऊसाहेबांनी सवयीने अंगठे धरले. मग असं वाकणं त्यांच्या मानेला चालत नाही हे आठवून गुरुजींनीच धावत जाऊन त्यांना सरळ केलं.

मला असल्या प्रकारांचा राग आहे. मी लहानपणापासून चळवळीच्या पत्रकांच्या गठ्ठ्यावर डोकं ठेवून झोपलेली मुलगी. भोंदूगिरी दिसली की माझे हात शिवशिवतात. मैदानात शेकडो माणसांना भोंग्यावर एकसारखं वाकवायचं, त्याला आरोग्य म्हणायचं आणि पाण्याचा हंडा मात्र बाईच्याच डोक्यावर ठेवायचा, याला माझा विरोध होता आणि राहील. हे सगळं मी गुरुजींना तोंडावर सुनावलं. त्यांनी शांतपणे ऐकून घेतलं. म्हणाले, "मुद्दा बरोबर आहे. पण तू श्वास नुसता घेतेस, सोडत नाहीस, म्हणून डोकं दुखतं. रोज सकाळी भुंग्यासारखी गुणगुणत बस."

मी गुणगुणायला लागले. विरोध कायम राहिला, डोकं दुखायचं थांबलं. तेवढं मात्र मी गुरुजींना कबूल केलं नाही.

जामसरच्या काशीमावशी बाजाराच्या दिवशी भाजी घेऊन येतात. पाठीच्या कळेनं त्या बेजार होत्या. "भाताच्या आवणीत जन्मभर वाकलेल्या बाईला आणखी वाकवतो तो कसला योग?" असं म्हणत गुरुजींनी त्यांना निजून पाय भिंतीला लावायला सांगितले.

"गुरुजी, भित कुडाची हाय. पाय लावलं त शेजाऱ्याच्या चुलीत जातील!"

गुरुजी स्वतः जामसरला गेले. गोठ्याचे सगळे खांब हलवून बघितले आणि मावशींच्या पायांसाठी त्यातला एक निवडला. बैल चारा सोडून बघत राहिला म्हणे.

तरीही मावशींची पाठ काही बरी होईना. दर खेपेला ओट्याच्या पायरीवर त्यांचं कण्हणं ठरलेलं. भाऊसाहेबांची मानही तशीच. म्हणजे हा माणूस लोकांना नुसता झुलवतोय! मी पत्रकाचा मथळासुद्धा ठरवला.

आणि एका बाजारच्या दिवशी बघते तर काय, मावशींनी भाजीनं भरलेली पाटी एका दमात जमिनीवरून डोक्यावर घेतली. वर ओटा रिकामा बघून ताठ मानेनं चढ चढल्या. गुरुजींचं दार आलं तशा कमरेवर हात ठेवून "आई गं!" म्हणाल्या.

मी त्यांना बाजूला ओढलं. "मावशी, हे काय चाललंय?"

"गप गं पोरी, आईकतील ना!" मग हळू आवाजात म्हणाल्या, "बरा झाला का येवाचा नाय, असा त्यांचा कायदा. पास झालेल्यानं त्याच वर्गात बसू नाय म्हंतात."

भाऊसाहेबांना विचारलं, तर त्यांनी इकडेतिकडे बघून मान दोन्हीकडे मस्त फिरवून दाखवली.

सत्यासाठी भांडणारी मी त्या दिवशी कपाळ दाबत ओट्यावर चढले.

पण त्याच आठवड्यात गुरुजींनी आम्हाला समोर बसवलं. कोपऱ्यात बॅग भरलेली होती. "इतके दिवस झाले, एकालाही गुण नाही," ते म्हणाले. "माझी विद्या खोटी आहे. मी नाशिकला लेकीकडे जातो. ती कधीची बोलावतेय."

मग काशीमावशी उठल्या, भरलेली पाटी उचलून डोक्यावर घेतली आणि गुरुजींसमोर चालून दाखवलं. इकडून तिकडे, तिकडून इकडे.

गुरुजी बघतच राहिले. "कधीपासून?"

"गेल्या आवणीपासून."

"मग कण्हत का होता?"

"तुमच्या घरच्या बाई वारल्या तवापासून या दारात कोणाची चप्पल दिसं ना. आमी बी नाय आलो त दिवसभर तुमी कोणाशी बोलाल?"

भाऊसाहेबांनी गुपचूप मान फिरवून दाखवली. "माझंही डोकं दुखत नाही," मी म्हटलं, आणि माझा आवाज कधी नव्हे इतका लहान निघाला.

गुरुजी एकेकाकडे बघत होते. रागावतील असं वाटलं. तेवढ्यात फोन वाजला. नाशिकहून लेक होती, गाडीची वेळ विचारत होती.

"नाही येत गं," गुरुजी म्हणाले आणि चष्मा काढून धोतराच्या सोग्यानं पुसू लागले. "अगं, इथे सगळे बरे झालेत. आता यांना टाकून कसा येऊ?"